एका पायावरचं गाणं

दिवाळीला पोरगी पुण्याहून आली ती एक मोठी चौकोनी वस्तू काखेत मारून. मला वाटलं, कॅलेंडर असेल. पंपाच्या दुकानदाराला लोक दिवाळीला कॅलेंडरच देतात. कागद फाडला तर आत तबकडी. काळी, नवीकोरी, ग्रामोफोनवर वाजवायची.

"बाबा, तुमचा बँड! पुन्हा काढली त्यांनी, जशीच्या तशी."

"छान," मी म्हटलं. "पण वाजवाची कशावर?"

"वाजवाची नसते बाबा. भितीवर लावाची. ऐकाचं फोनवर."

आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "ठोका आणखी एक खिळा. भितीची चाळणी करून टाका."

मी शिंगाडे सोलत बसलो होतो. हात लुगड्याच्या जुन्या धडप्याला पुसले आणि तबकडी मांडीवर घेतली. वेष्टनावर तोच फोटो. विलायतेतलं कुठलंसं ओलं मैदान, गवत तुडवलेलं, जाळी नसलेला गोलपोस्ट आणि एकही माणूस नाही. हा फोटो मी कॅसेटवर काडेपेटीएवढा पाहिला होता, तोही लांबून. हात लावायची परवानगी नव्हती. एवढा मोठा पाहिल्यावर कळलं की गोलपोस्टच्या मागे एक कुत्रं आहे. इतकी वर्षं ते तिथं बसून होतं आणि मला माहीत नव्हतं.

पोरीनं फोनवर गाणी लावली. पहिलं, दुसरं, तिसरं. एकामागून एक सगळी तशीच. मी पुढचा सूर आधीच गुणगुणायचो आणि मागून तो यायचा. पोरगी कौतुकानं पाहत होती. मग शेवटचं गाणं लागलं. ते चढत चढत त्या एका जागेवर आलं, जिथं गिटार वर जाते आणि गाणारा श्वास घेतो. माझा उजवा पाय सवयीनं आपोआप उचलला गेला. अर्धा सोललेला शिंगाडा हातात, पाय हवेत, आणि मी गाणं संपायची वाट पाहतोय.

गाणं संपलं नाही.

ते पुढं गेलं. श्वास घेऊन तो माणूस पुन्हा गायला लागला. नवीन ओळ, नवीन चाल. मागून बाजाच्या पेटीसारखं काहीतरी आलं, ढोल वाढले. माझा पाय वरच. पोरगी म्हणाली, "बाबा, गोळा आला का पायात?"

"विलास," मी म्हटलं.

"कोण?"

उरलेले शिंगाडे मी ज्या पद्धतीनं सोलले ते पाहून सौ.नी सुरी काढून घेतली.

*

विलास म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्याहून थोडा मोठा, म्हणून विलासभाऊ. मावसाजींची तुमसरला राईस मिल होती आणि मिलच्या आवारातच घर. तो वास मला अजून कुठंही, बँकेच्या रांगेतसुद्धा, अचानक येतो. भिजत घातलेल्या धानाचा आंबूस, उकडून काढलेल्या उसन्या तांदळाच्या वाफेचा गोडसर, आणि या सगळ्यावर बसलेला कोंड्याचा कोरडा वास. कोंडा सगळीकडे असायचा. भुवयांवर, तुळशीच्या पानांवर, मावशीच्या वाळत घातलेल्या पापडांवर. मिलचा लांब पट्टा फटक फटक करत फिरायचा, इंजिन ठोके द्यायचं, आणि त्या घरात साधं "पाणी दे" म्हणायलाही ओरडावं लागायचं. संध्याकाळी मिल बंद व्हायची तरी थोडा वेळ सगळे एकमेकांवर ओरडतच राहायचे. मग कोणाच्या तरी लक्षात यायचं आणि घर एकदम गप्प व्हायचं. ती शांतता मला फार आवडायची. तशी शांतता आता कुठं मिळत नाही; आधी तेवढा आवाजच होत नाही.

विलासभाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि पहिल्याच दिवाळीला केस वाढवून आणि भाषा कापून परत आला. मावशीनं जेवताना विचारलं, "भात वाढू का बे?" तर म्हणाला, "थोडासाच वाढ हं, आई." मावशी भाताची पळी तशीच धरून माझ्याकडे पाहायला लागली. "बरा आहे ना हा?"

त्याच दिवाळीत त्यानं ती कॅसेट आणली होती. वसतिगृहातल्या कुणाच्या तरी काकांनी विलायतेहून पाठवलेली, अस्सल. त्याच्या वरच्या खोलीत जपानी टेपरेकॉर्डर होता, मावशीनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. मला ऐकायची मुभा होती, पण उंबरठ्यावर बसून. "तुझ्या कपड्यांना कोंडा असतो. यंत्रात जातो." कोंडा त्याच्या बापाच्या मिलचा होता, पण हे मला त्या वेळी सुचलं नाही. मला सगळी उत्तरं उशिरा सुचतात. हा लेखही त्यातलाच समजा.

तर मी उंबरठ्यावर. एका कानात मिल, दुसऱ्या कानात बँड. चार पोरं होती ती, कुठल्याशा पावसाळी, धुरकट गावातली. इंग्रजी मला धड कळत नव्हतं. आमच्या इंग्रजीच्या सरांनाही कळत असल्याचा पुरावा नव्हता. पण त्या गाण्यांत एक गोष्ट मला पहिल्या झटक्यात कळली. तो गाणारा माणूस कुणावर तरी डूख धरून होता. ओरडत नव्हता. आवाज खाली ठेवून, जवळजवळ सभ्यपणे, तो कुणाला तरी सांगत होता की मी विसरलेलो नाही. आणि गिटार? गिटार मागं अशी झुळझुळत होती, जशी पाऊस थांबल्यावर कौलांवरून शेवटची धार गळते. एवढ्या राग आलेल्या माणसाला एवढी गोड साथ कशी काय? तो गोडवाच मला जास्त भयंकर वाटायचा.

पहिलं गाणं ढोलाशिवाय सुरू व्हायचं, नुसतं गिटारवर, आणि तुम्ही सावरून बसेपर्यंत संपायचं. तिसरं धावत असायचं, कुणीतरी मागं लागल्यासारखं. मधे एक होतं ज्यात तो गातच नाही, फक्त शीळ घालतो. आणि शेवटचं लांबलचक, जिन्यासारखं, पायरी पायरीनं चढत जाणारं. विलासभाऊनंच सांगितलं होतं की हा काही एका दमात केलेला संच नाही. वेगवेगळ्या वेळी काढलेली, इकडेतिकडे विखुरलेली गाणी त्यांनी नंतर वेचून एकत्र केली. मला ते ऐकून आमच्या गावच्या बाया आठवल्या. धानाची कापणी झाली की मागं पडलेल्या लोंब्या वेचत बांधीबांधीतून, खाचराखाचरातून फिरणाऱ्या. सरवा वेचणं म्हणतो आपण त्याला. सरव्याचा भात कधी एका जातीचा नसतो. त्यात हलकं धान असतं, भारी असतं, एखादा लाल दाणा असतो. पण त्याला चव असते, कारण प्रत्येक दाण्यासाठी कुणीतरी वाकलेलं असतं. तो बँड मला तेव्हापासून सरव्याचा बँड वाटतो.

फोनवर ऐकताना परवा सारखं काहीतरी कमी वाटत होतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, इंजिनचा ठोका. तो तबकडीत नाही. तो फक्त उंबरठ्यावर होता.

*

मी म्हटलं, भाऊ, मले भरून दे ना एक. तेव्हा कॅसेट "भरून" मिळायची, उखळातून मिरची कुटून मिळावी तशी. तो म्हणाला, कोरी कॅसेट आण. मी बाजारात धावत गेलो आणि साठ मिनिटांची घेऊन आलो. नव्वदची असते हेच मला माहीत नव्हतं. त्यानं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली, हसला आणि भरून दिली.

मी खाली जाऊन मावसाजींच्या टेपवर ऐकली. सगळं नीट, आणि शेवटच्या गाण्यात, गिटार वर जाते आणि तो माणूस श्वास घेतो, तिथंच खट्ट. बटण वर.

दुपारी जेवायला सगळे अंगणात होते. मावसाजी, मावशी, मिलचे मुनीमजी, बालाघाटकडून आलेले पाहुणे. मी आपलं भोळेपणानं म्हटलं, "विलासभाऊ, शेवटचं गाणं अर्धंच आलं."

त्यानं ताटातून मान वर केली. शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अर्धं नाही आलं. ते तिथंच संपतं. ही माणसं तशीच संपवतात. तेच तर त्यांचं वैशिष्ट्य आहे. तुला नाही कळायचं."

पाहुणे हसले. मुनीमजी हसले, ज्यांनी जन्मात इंग्रजी गाणं ऐकलं नव्हतं. मीसुद्धा हसलो, राग आला की मी आधी हसतो, ही माझी जुनी खोड. पण त्या हसण्याखाली मी ते वाक्य तसंच्या तसं ठेवून दिलं, कणगीत धान ठेवतात तसं. त्याला कीड लागली नाही.

आणि मूर्खपणा बघा. मी ते खरंही मानलं. अपमान झाला हे खरं, पण तो शिकलेला आहे, त्याला माहीत असणार. घरी येऊन मीच सगळ्यांना सांगत सुटलो की हे गाणं मधातच संपते, ते तसंच असते, त्यातच त्याची कला आहे. माझे बाबा म्हणाले, "वीज गेल्यावानी वाटते." मी म्हटलं, "तुम्हाले नाही समजणार."

*

आमच्या गावात तेव्हा गोमाजी होते. धानाचे शेतकरी, पण सारा परिसर त्यांना पेटीसाठी ओळखायचा. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, आणि तिच्यातल्या दंडारीत, त्या नाचगाण्याच्या खेळात, तेच पेटी वाजवायचे आणि तेच गाणी जुळवायचे. वर्षभरात गावात ज्यानं ज्यानं काही मूर्खपणा केला असेल, त्याचा हिशेब गोमाजी दिवाळीनंतरच्या मंडईत भर दुपारी, पाहुण्यांसमोर, ढोलकीवर चुकता करत. कुणी रागवायचं नाही असा रिवाज होता. रागावलं तर पुढच्या वर्षी आणखी दोन कडवी.

संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. माझी कॅसेट सुरूच असायची. एकदा बाबा वैतागून म्हणाले, "हा माणूस कायले रडून राहिला रोज?"

गोमाजींनी डोळे मिटून ऐकलं. "रडत नाही जी तो. रागात आहे. आवाज खाली ठेवून रागावला आहे. हा माणूस कोनाले तरी सोडनार नाही."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. विलासभाऊला तरी हे कळलं होतं का कोण जाणे.

मग रोवण्याचे दिवस आले. बांध्यांत गुडघाभर चिखल, बाया ओळीनं वाकलेल्या, हिरव्या पेंढ्या इकडून तिकडे उडताहेत, चिखलाचा तो लोखंडासारखा वास. आणि त्यात विलासभाऊ आला, गळ्यात कॅमेरा, पायात पुण्याचे बूट. त्याला "खेड्याचे फोटो" काढायचे होते. मी म्हटलं, भाऊ, बूट काढ. तो म्हणाला, मला माहीत आहे. बांधावरून पाय घसरला, एक पाय आत गेला आणि वर आला तो नुसता मोजा. बूट चिखलानं ठेवून घेतला. मोजा खराब होऊ नये म्हणून तो एका पायावर उभा, बगळ्यासारखा, कॅमेरा डोक्यावर धरलेला. बाया आधी गप्प होत्या. मग एक खुदकली, आणि सारी बांधी हसायला लागली.

तो माझ्यावरच उखडला. "हसतोस काय? काढ तो बूट!"

मी कोपरापर्यंत हात घालून बूट काढला. शेतालगतच्या छोट्या तळ्यात, बोडीत, धुतला. परत आणून त्याच्या पायापाशी ठेवला. त्यानं पाय घातला, नाडी बांधली आणि बायांकडे पाहत म्हणाला, "बघा, हे बरं जमतं याला."

तो बांधावरून निघून गेला. मी तिथंच उभा होतो. हाताला चिखल वाळत होता, कातडी ओढली जात होती. त्या संध्याकाळी मी गोमाजींच्या घरी गेलो आणि कॅसेट त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"या चालीवर एक कराचं आहे, काकाजी."

"कोनावर?"

मी सांगितलं. ते पेटीचा भाता उघडत म्हणाले, "बस बस. खाली बस पोरा."

*

त्या वर्षीची मंडई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. उसाच्या मोळ्या, उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, गरम जिलेबी, नव्या कपड्यांचा खळीचा वास, पोरांच्या हातातल्या पुंग्यांचा कलकलाट. बाया दोन्ही बाजूंनी दाटीनं बसलेल्या. मावसाजी मोठे पाहुणे, म्हणून त्यांना पुढं खुर्ची. बाजूच्या खुर्चीवर विलासभाऊ, पायावर पाय टाकून.

दंडार सुरू झाली. गणाला नमन झालं, दोनचार गावगोष्टी झाल्या. आणि मग गोमाजींच्या पेटीवर ती चाल आली. विलायतेतल्या धुरकट गावची चाल, आमच्या ढोलकीवर! गडी गोल फिरत होते, टाळ वाजत होते, आणि गोमाजी त्या माणसासारखाच आवाज खाली ठेवून गात होते.

"पुन्याचा सायेब आला, बूट घालून बांधीत,
एक बूट चिखलानं खाल्ला, दुसरा रडते बांधावर,
भात खाते चिमटी चिमटी, मायले म्हनते 'आई हं',
पाय टेकाले जागा नाही, सायेब उभा..."

आणि इथं गिटारची ती चढण गोमाजींनी पेटीवर घेतली, श्वास घेतला, आणि खट्ट. ढोलकी बंद, पेटी बंद, टाळ बंद. सगळे गडी एक पाय हवेत धरून पुतळ्यासारखे उभे. गाणं तिथंच संपतं ना! आम्ही अगदी कॅसेटबरहुकूम संपवलं होतं.

क्षणभर सारी मंडई गप्प होती. मिल बंद झाल्यावर व्हायची तशी. मग जो हशा उठला तो बोडीवरचे पक्षी उडवून गेला.

मी विलासभाऊकडे पाहिलं. चढत्या गाण्याबरोबर तो लाल लाल होत गेला होता. ते पाहून माझं पोट भरत आलं होतं. पण गाणं थांबलं आणि गडी एका पायावर उभे राहिले, तसा तो हसायला लागला. साधं हसू नाही. खुर्चीतून वाकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मला वाटलं, लाज झाकायला हसतोय. घरी जाऊन मी आईला म्हटलं, "पाहिलं ना? रडता येत नव्हतं म्हणून हसला." विजयी माणसासारखी झोप लागली मला.

ते हसणं कशाचं होतं, हे मला परवा शिंगाडे सोलताना कळलं.

*

पुढं तो एक पाय आमच्या मंडईचा होऊन गेला. गाण्यातला साहेब कोण हे पोरं विसरली, पण गाणं सुटलं नाही. दुसऱ्या वर्षी थांबल्यावर पाय टेकायची खूण म्हणून पेटीवर मारायची थाप गोमाजींनी मुद्दाम उशिरा मारली. एक गडी लटपटला आणि पडला. तिसऱ्या वर्षी कुणीतरी सूपभर कोंडा आणला आणि ज्याचा पाय आधी टेकला त्याच्या डोक्यावर ओतला. मग तो नियमच झाला. गावात नवा जावई आला, नवे गुरुजी आले, की त्यांना गोलात घ्यायचं. थाप पडेपर्यंत एका पायावर. पाय टेकला की कोंडा. आजूबाजूच्या गावांत म्हणतात, तिकडच्या मंडईत पाय उचलावा लागते.

बाकी सगळं गेलं. माझी कॅसेट एका उन्हाळ्यात टेपरेकॉर्डरनं गिळली. तिची तपकिरी फीत कित्येक दिवस अंगणातल्या बोरीवर लोंबत होती, वाऱ्यावर चमकायची. पुन्हा मिळवावी असं वाटलं नाही. पाठ होती ना सगळी! पाठ असलेली गोष्ट कोण शोधतं? मिल बंद पडली. पट्टा काढून नेला, पत्रे कबुतरांनी घेतले. मावसाजी गेले, मावशी गेली. विलासभाऊ पुण्यातच नोकरी करून निवृत्त झाला आणि गेल्या वर्षी तुमसरच्या त्या घरात एकटा परत राहायला आला. भेटलो की आम्ही गोड बोलतो. गुडघे, साखर, पाऊस.

तर परवाच्या त्या गाण्यानंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गावाला गेलो. गोमाजी आता फार म्हातारे झालेत, एका कानानं ऐकू येत नाही. दुसऱ्या कानाशी फोन धरला आणि म्हटलं, "काकाजी, आपलं गाणं. खरं म्हणजे हे पुढंही आहे."

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली.

"चुकले."

"कोण?"

"हे लोक. थांबाच्या जागी थांबलेच नाही. पुढं मग गेले भटकत." फोन माझ्या हातात देत म्हणाले, "पोरं चांगली आहेत, पन त्याहिले शेवट सापडला नाही."

मी त्यांना विलासची सगळी गोष्ट सांगितली. मग त्यांच्या बोळक्या तोंडावर ते जुनं हसू आलं, पेटीचा भाता उघडतानाचं.

"मंडईले बोलाव त्याले."

सूड घ्यायचा असला की माणूस किती नम्र होतो! मी विलासभाऊला फोन केला तो असा, जणू मुलीचं लग्न ठरवतोय. "भाऊ, तुम्ही आल्याबिगर मंडईले शोभा नाही. खुर्ची ठेवतो."

*

आला. पांढरा कुडता, कडक इस्त्री, बूटही पांढरे. दुपारचं ऊन शिंगाड्यांच्या ढिगांवर चमकत होतं. ती चाल सुरू झाली तशी मी जाऊन त्याचा हात धरला. "चला भाऊ. पाहुण्यानं पाय उचलावाच लागते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

आम्ही शेजारी शेजारी नाचलो. म्हणजे तो चालला आणि मी हलत होतो. माझं पोट लक्षात घेता तेवढंही पुष्कळ. गाणं चढलं, गोमाजींनी श्वास घेतला, आणि खट्ट. आम्ही सगळे एका पायावर.

गोमाजींनी पेटीचा भाता मिटला. खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि सावकाश पेटी पुसायला लागले. एकेक पट्टी.

विलासभाऊ हसत उभा होता. मग हसू जरा पातळ झालं. मग घाम आला.

"थाप कधी मारतात?" त्यानं तोंड न हलवता विचारलं.

"कायची थाप, भाऊ?" मी म्हटलं. "गाणं इथंच संपते ना?"

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. त्या एका नजरेत मिल होती, उंबरठा होता, साठची कॅसेट होती, सगळं होतं. त्याला कळलं. मला त्याचं कळलेलं दिसलं. मित्रहो, तेवढ्यासाठी मी माझा गुडघा पणाला लावला होता.

"संपतं," तो दात आवळून म्हणाला. "तिथंच संपतं."

"मग झालं तर. उभे राहू."

गोमाजी पेटी पुसत होते. विलासभाऊ डुलला. हात पसरले, सावरला. पुन्हा डुलला. आणि चाळीस वर्षांची पुणेरी एकदम गळून पडली.

"अबे, थाप माराले सांग ना त्याले! नाही संपत ते! मधात कटलं होतं, तुयी कॅसेट लहान होती! पुढं आहे बे, खूप आहे पुढं!"

गोमाजींनी चांगला कान पुढं केला.

"पुढं आहे म्हनता? काय आहे? म्हना."

विलासभाऊनं तोंड उघडलं. श्वास घेतला, अगदी त्या माणसासारखा, त्याच जागेवर. सारी मंडई वाट पाहत होती. त्याच्या ओठांनी काहीतरी धरायचा प्रयत्न केला. डोळे आत गेले, कुठंतरी वरच्या खोलीत, क्रोशाच्या रुमालाखाली शोधून आले. काही आलं नाही.

त्याचा पाय टेकला.

कोंडा ओतायला पोरं टपलेलीच होती. सूप रिकामं झालं तेव्हा भुवया, कान, कुडता, सगळं पिवळं. मिलच्या दारात उभा असलेला लहानपणचा विलास दिसायचा तसा. लोक लोळत होते. माझा पाय केव्हा टेकला ते कोणी पाहिलं नाही. ही एक गोष्ट या लेखातून गाळणार होतो, पण राहू दे.

नंतर आम्ही शिंगाडेवालीच्या बाजूला दगडावर बसलो. तो केसांतला कोंडा झटकत होता. उन्हात तो उडत होता, आणि तो कोरडा वास आला.

"मले वाटलं होतं तू येशील दुसऱ्या दिवशी विचाराले," तो म्हणाला. "सांगितलं असतं. तू आलाच नाही. मग इथं पाहतो तं सारं गाव एका पायावर! आता काय सांगू?" तो थोडं हसला. "माई कॅसेट बुरशीनं गेली. नावं सारी आठवतात मले, गाणीही आठवतात. पन ते शेवटचं... खरंच, कसं होतं बे पुढं?"

फोन माझ्या खिशात होता. माझं मन जरा ओलं झालं. जरासंच.

"पाठवतो," मी म्हटलं.

घरी आल्यावर पोरीला बसवलं. ती म्हणाली, "अख्खं पाठवा ना बाबा, लिंक देते." मी म्हटलं, "नाही. इथपर्यंतच काप. हो, इथं, श्वास घेतो तिथं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मावशीनं भाताची पळी धरून पाहिलं होतं. पण कापून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"अबे, हे अर्धंच आलं."

मी खुर्चीत नीट बसलो. घसा साफ केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध पुणेरीत बोललो.

"अर्धं नाही आलं, विलासभाऊ. ते तिथंच संपतं. ही माणसं तशीच संपवतात. तेच तर त्यांचं वैशिष्ट्य आहे. तुला नाही कळायचं."

पलीकडून नुसता पत्र्यावरच्या कबुतरांचा आवाज आला. मी फोन ठेवला, भिंतीवरच्या त्या ओल्या मैदानाकडे पाहत उरलेलं गाणं लावलं, आणि ते शेवटपर्यंत एकटाच ऐकत बसलो.